गाणारा, रचणारा आणि पोशिंदा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते स्वतः गात आणि बंदिशीही बांधत. म्हणून यंदा विषय ठरवताना गाणं आणि रचना या दोन कामांच्या नात्यावर बोलावं असं मनात आलं, आणि त्यासाठी मी आयर्लंड निवडलं. क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या साधारण पाव भागाएवढं हे बेट. पण तिथून गेल्या तीनशे वर्षांत इतके गायक आणि रचनाकार जगभर पांगले की त्यांच्या आयुष्यांकडे पाहताना संगीताच्या पोटापाण्याचा अख्खा इतिहास उलगडत जातो.

माझं म्हणणं आरंभीच सांगून टाकतो. कुणाला रचनाकार म्हणायचं आणि कुणाला नुसता गायक, हे आयर्लंडमध्ये गुणांवरून फारसं ठरलं नाही. पैसा कोण देतो, यावरून ठरलं. पोशिंदा बदलला की संगीतकाराची कारकीर्द बदलली. आणि या सगळ्या उलथापालथीत जुनं गाणं दर वेळी नव्यानं घडवणाऱ्या गायकावर अन्याय झाला. त्याला रचनाकार म्हणायला कुणी तयार नव्हतं.

गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, सरदारांचा अंमल होता तेव्हा तिथे दरबारी कवी असे. तो काव्य रचे. पण स्वतः ते सादर करत नसे. सादर करायला वेगळा पठणकार आणि त्याच्या साथीला वेगळा हार्पवादक. एका स्तुतिकाव्यामागे तीन माणसं, तिघांचीही पोटं सरदाराच्या कोठारावर. १६०१ साली किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदार इंग्रजांकडून हरले, १६०७ साली त्यांतले प्रमुख देश सोडून गेले, आणि कोठारं बंद झाली. उरल्या त्या मध्यम ऐपतीच्या गढ्या. त्यांना तीन माणसं पोसणं परवडेना. मग एकच माणूस दारोदार जाऊन शब्दही रचू लागला, चालही बांधू लागला, वाजवू आणि गाऊही लागला. गायक आणि रचनाकार एका देहात आले ते असे, गरिबीमुळे.

या माणसांतला सर्वांत मोठा टर्लो ओ'कॅरोलन. जन्म १६७०चा, मीथ परगण्यातल्या नॉबर गावचा. वडील कामाच्या शोधात पश्चिमेला गेले आणि रॉसकॉमन भागातल्या मॅकडर्मट रो नावाच्या घराण्याकडे राहिले. अठराव्या वर्षी टर्लोला देवी आल्या आणि त्यात डोळे गेले. दृष्टी गेलेल्या मुलाला हार्प शिकवायची तिथे रीत होती. मॅकडर्मट रो बाईंनी त्याला गुरू नेमून दिला, आणि तीन वर्षांनी एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडी रक्कम देऊन त्याला रवाना केलं.

पहिल्याच मुक्कामांतली एक गोष्ट तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. लेट्रिम भागात रेनल्ड्स नावाच्या जमीनदाराकडे कॅरोलन वाजवायला बसला. यजमान स्वतः जाणकार होता. वादन ऐकल्यावर, तुझ्या बोटांपेक्षा तुझं डोकं कदाचित जास्त चालेल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, आणि जवळच्या दोन टेकड्यांवरच्या यक्षसेनांच्या लढाईची दंतकथा सांगून त्यावर काही रचायला सुचवलं. कॅरोलननं रचलं. ती त्याची पहिली रचना, 'शी व्हेग, शी व्होर', आजही आयर्लंडमध्ये नव्यानं शिकणारं पोर वाजवतं. एकविसाव्या वर्षी शिकून बाहेर पडलेला, म्हणजे उशिरा सुरुवात केलेला वादक. हात कधीच पहिल्या दर्जाचा होणार नव्हता. हे ओळखून त्याला दुसरी वाट दाखवणारा तो जमीनदार मला मोठा माणूस वाटतो.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कॅरोलन घोड्यावरून फिरला. ज्या घरी उतरायचा त्या घरच्या मालकाच्या, मालकिणीच्या किंवा उपवर मुलीच्या नावानं एक चाल बांधायची, हा त्याचा शिरस्ता. घोड्यावर बसल्या बसल्या चाल मनात पक्की व्हायची आणि शब्द त्यामागून यायचे. त्याच्या आधीच्या रिवाजात काव्याला मान पहिला असे. त्यानं तो क्रम उलटा केला. दोनशेहून अधिक चाली त्याच्या नावावर आहेत. डब्लिनमध्ये तेव्हा इटालियन संगीताची चलती होती. कोरेल्ली आणि विवाल्डी त्याच्या कानावर पडले आणि त्याच्या रचनांत मुरले. शुद्धतावाद्यांना याचं वावडं आहे. मला तर त्यात त्याच्या कानाची ताकद दिसते. १७२४ साली डब्लिनच्या नील मंडळींनी आयरिश चालींचा पहिला छापील संग्रह काढला, त्यात कॅरोलनच्या चाली होत्या. छपाईचा मोबदला कॅरोलनच्या हाती काय पडला असेल याची मला शंकाच आहे. त्याचा पोशिंदा गढीतला यजमान होता आणि शेवटपर्यंत तोच राहिला. १७३८च्या मार्चमध्ये अंत जवळ आल्यावर तो मॅकडर्मट रो बाईंच्याच घरी परतला आणि तिथेच गेला. त्याच्या मृत्यूनंतरचा जागर चार दिवस चालला.

कॅरोलननंतर अर्ध्या शतकात हार्पवाल्यांची पिढीच संपत आली. जुलै १७९२मध्ये बेलफास्टच्या काही जाणत्या नागरिकांनी उरल्यासुरल्या हार्पवादकांना बोलावलं. दहा आयरिश आणि एक वेल्श, एवढेच आले. त्यांत डेनिस हेम्पसन हा एकटाच जुन्या पद्धतीनं, पितळी तारांवर वाढवलेल्या नखांनी वाजवणारा. वय नव्वदीच्या पलीकडचं. चाली उतरवून घ्यायला एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक नेमला होता. त्याला बजावलेलं होतं की एक सुरही इकडचा तिकडे करू नकोस. पण छापताना त्यानंच त्या पियानोवर बसवल्या, कारण पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी पियानो होता, हार्प नव्हता. पुढे १८०२ साली त्यानं पॅट्रिक लिंच नावाच्या माणसाला कॉनॉक्ट भागात पाठवून गाण्यांचे आयरिश शब्द गोळा करून आणले. १८०९चा संग्रह निघाला तेव्हा त्यात मात्र इंग्रजी शब्द होते. आयरिश शब्दांची हस्तलिखितं कपाटात राहिली. विकत घेणाऱ्याला ती भाषा येत नव्हती. आज त्या देशाच्या राजमुद्रेवर आणि नाण्यांवर हार्प आहे. ती नखांनी वाजवायची परंपरा मात्र हेम्पसनच्या पिढीबरोबर तुटली.

बंटिंगच्या चालींवर नशीब उघडलं ते टॉमस मूरचं. डब्लिनच्या एका वाण्याचा हा मुलगा, जन्म १७७९चा. जुन्या चाली घ्यायच्या, त्यांवर इंग्रजी गीतं लिहायची आणि लंडनच्या उमरावांच्या दिवाणखान्यात पियानोवर बसून स्वतः म्हणायची. गळा लहान होता, पण शब्द असे उच्चारायचा की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्याच्या 'आयरिश मेलडीज'चे भाग १८०८पासून १८३४पर्यंत निघत राहिले आणि पॉवर बंधू या प्रकाशकांकडून त्याला वर्षाला ५०० पौंड मिळत. तेव्हाच्या मानानं ही मोठीच मिळकत. पण चाली ज्यांच्या तोंडून आल्या त्या वादकांपैकी कुणालाही यातला छदाम मिळाला नाही. शब्दांना मालक होता, चाल बेवारस ठरली. मूरनं चोरी केली असं मी म्हणत नाही. ज्याला नाव नाही त्याला मानधन नाही, हा छापखान्याचा नियम होता आणि मूर त्या नियमाच्या सोयीच्या बाजूला उभा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पोशिंदा पुन्हा बदलला. आता तिकीट काढून येणारा नाटकगृहातला प्रेक्षक. डब्लिनचा मायकल बाल्फ हा या काळाचा नमुना. वडील नृत्यशिक्षक. ते गेल्यावर पोरवयातच तो लंडनला आला, मग इटली, मग पॅरिस. १८२७ साली पॅरिसमध्ये रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेरात तो फिगारोची भूमिका गायला. गायक म्हणून ऑपेरा आतून कळलेला हा माणूस मग स्वतः रचायला लागला. २७ नोव्हेंबर १८४३ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात त्याचं 'द बोहेमियन गर्ल' रंगमंचावर आलं आणि शंभराहून अधिक रात्री चाललं. त्याच्या पाठोपाठ १८४५ साली वॉटरफर्डच्या विल्यम व्हिन्सेंट वॉलेसचं 'मारिताना' आलं. वॉलेस तर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका पालथी घालून आलेला. दोघांच्याही ऑपेरांची कथा पाहा. एकाची मध्य युरोपात घडते, दुसऱ्याची स्पेनमध्ये. आयर्लंडचा त्यात मागमूस नाही. लंडनच्या प्रेक्षकाला आयरिश माणूस ऐकायला हवा होता, आयर्लंड पाहायला नको होतं. तरी बाल्फच्या गाण्यांनी उलटा प्रवास केला. डब्लिनच्या साध्या घरांतून ती इतकी म्हटली जात की जेम्स जॉइसनं 'डब्लिनर्स'मधल्या एका कथेत लाँड्रीत काम करणाऱ्या एका प्रौढ बाईच्या तोंडी 'बोहेमियन गर्ल'मधलंच गाणं दिलं.

त्याच वर्षांतली लिमरिकची गायिका कॅथरिन हेज. गरीब घरातली मुलगी, १८१८ साली जन्मलेली. डब्लिन, पॅरिस, मिलान असं शिकत शिकत १८४५मध्ये ती ला स्काला या इटलीच्या थोर नाटकगृहात उभी राहिली. १८४९च्या उन्हाळ्यात तिनं बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीपुढे गाणं केलं आणि शेवटी 'कॅथलीन मव्हूर्नीन' हे आयर्लंडच्या विरहाचं गाणं म्हटलं. ते गाणं एका इंग्रजानं रचलेलं होतं. तेव्हा तिच्या देशात बटाट्याचा दुष्काळ चालू होता. सुमारे दहा लाख माणसं त्यात मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. हेज पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतापर्यंत दौरे करत राहिली. ज्या शहरात आयरिश निर्वासित पोहोचले होते तिथे तिची तिकिटं खपत. दुष्काळानं जगभर विखुरलेला हा श्रोता पुढची शंभर वर्षं आयरिश गायकाचा सर्वांत मोठा पोशिंदा राहिला.

पर्सी फ्रेंचविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझं त्याच्यावर प्रेम आहे. शिक्षणानं इंजिनिअर, कॅव्हन परगण्यात गटारांच्या कामांवर देखरेख करणारा. १८७७ साली कॉलेजात असताना त्यानं 'अब्दुल अबुलबुल अमीर' हे गाणं रचलं, हक्क नोंदवले नाहीत, आणि गाणं जगभर गेलं तरी पैसा दुसऱ्यांनी केला. पुढे तो स्वतःची गाणी स्वतः गात गावोगाव कार्यक्रम करू लागला. १८९६ साली वेस्ट क्लेअरच्या रेल्वेनं त्याला किल्कीच्या कार्यक्रमाला उशिरा पोहोचवलं. त्यानं दावा ठोकला आणि दहा पौंड नुकसानभरपाई मिळवली. शिवाय त्या गाडीवर गाणं रचलं. गाडी केव्हाच बंद पडली, गाणं अजून चालू आहे.

विसाव्या शतकात ग्रामोफोन आला आणि तराजूचं पारडं पूर्णपणे गायकाकडे झुकलं. जॉन मॅकॉरमॅक, १८८४ साली ॲथलोनला जन्मला, आईवडील तिथल्या लोकरीच्या गिरणीत कामाला. १९०३ साली त्यानं डब्लिनच्या 'फेश क्योल' या संगीत स्पर्धेत टेनर गटाचं सुवर्णपदक मिळवलं. ही स्पर्धा १८९७ साली सुरू झाली, आणि ती उभी करणाऱ्यांत ॲनी पॅटरसन ही संगीताची डॉक्टरेट मिळवलेली विदुषी होती. मॅकॉरमॅकच्या पुढच्या वर्षी त्याच गटात जेम्स जॉइस उतरला. गायला उत्तम, पण समोर ठेवलेलं अनोळखी स्वरलेखन पाहून गायची वेळ आली तेव्हा त्यानं नकार दिला. मिळालं ते कांस्यपदक. त्याच १९०४च्या ऑगस्टमध्ये एका मैफलीत दोघं एकाच मंचावर गायले. एक जगातला सर्वांत गाजलेला टेनर होणार होता आणि दुसरा कादंबरीकार. जॉइसच्या गद्यात जो कान जाणवतो तो गायकाचा आहे.

मॅकॉरमॅक मिलानला शिकला, १९०७ साली लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये उभा राहिला, मग अमेरिकेत गेला. आपण नट म्हणून बेताचे आहोत हे त्याला ठाऊक होतं. हळूहळू ऑपेरा सोडून त्यानं मैफलींवर भर दिला. १९१६ साली मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'मधलं 'इल मिओ तेझोरो' त्यानं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकानं एका शिंगापुढे उभं राहून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणात रेघ ओढायची. या गाण्याच्या मध्यात एक लांबच लांब तान आहे. बहुतेक गायक तिथे कुठेतरी श्वास चोरतात. मॅकॉरमॅक ती तान एका दमात घेतो, प्रत्येक सूर मोत्यासारखा सुटा, आणि दम संपत आल्याची पुसटशी चाहूलही न देता मुखड्यावर येतो. शंभर वर्षांपूर्वीची खरखर कानाआड करून ऐका. ज्यांनी सवाई गंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या अशाच ऐकल्यात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्याच्या मैफलीची मांडणीही विचार करून केलेली असे. आधी हँडेल, मोझार्ट, मग जर्मन गीतं, मग आयरिश लोकगीतं, आणि शेवटी तेव्हाची लोकप्रिय गाणी. न्यूयॉर्क-बॉस्टनमधला मोलमजुरी करणारा आयरिश माणूस शेवटच्या भागासाठी यायचा आणि वाटेत हँडेल ऐकून जायचा. १९२८ साली पोपनं त्याला काउंट हा किताब दिला. १९३२ साली डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये लाखोंच्या धर्ममेळ्यात तो 'पानिस अँजेलिकस' गायला. एवढ्या कारकिर्दीत रचनाकार म्हणून त्याचं नाव लागत नाही, आणि त्याची कुणाला खंतही वाटली नाही. कारण तबकडीवर मोठ्या अक्षरात गायकाचं नाव छापलेलं असे.

याच काळात रचनाकार होऊन आयर्लंडमध्येच राहिलेल्यांचं काय झालं, हे एका बाईच्या आयुष्यावरून सांगतो. विकलो परगण्यातल्या एनिस्केरीची आयना बॉइल, जन्म १८८९चा. वॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराकडे शिकायला ती बोटीनं लंडनला जायची आणि परत यायची. 'द मॅजिक हार्प' या तिच्या वाद्यवृंदरचनेला कार्नेगी विश्वस्त निधीनं छापून मान दिला. सिंफनी, ऑपेरा, बॅले, गीतं असं तिनं आयुष्यभर लिहिलं, आणि त्यातलं बरंचसं तिला कधी ऐकायला मिळालं नाही. वाजवायला वाद्यवृंद हवा, वाद्यवृंदाला पैसा हवा, आणि तो त्या देशात नव्हता. तिच्याआधीच्या पिढीतला डब्लिनचा स्टॅनफर्ड वेळेवर इंग्लंडला गेला आणि वॉन विल्यम्स, होल्स्ट यांचा गुरू झाला. बॉइल आजारी आणि वृद्ध घरच्यांसाठी मागे राहिली. १९६७ साली ती गेली. तिच्या रचना आता कुठे ध्वनिमुद्रित होऊ लागल्या आहेत. गाणाऱ्यावरच्या अन्यायाबद्दल मी बोलतो आहे, पण हा अन्यायही मला तितकाच बोचतो.

आपल्या देशाशी या कथेचा एक धागा थेट जुळतो. रॉसकॉमनमधल्या बॉइल गावची मार्गारेट गिलेस्पी, लग्नानंतरची मार्गारेट कझिन्स. हिनं १९०२ साली संगीताची पदवी घेतली होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिनं तुरुंगवास भोगला आणि १९१५ साली पतीबरोबर ती भारतात आली. फेब्रुवारी १९१९मध्ये रवींद्रनाथ ठाकूर आंध्रातल्या मदनपल्लीच्या कॉलेजात पाहुणे म्हणून राहिले असताना त्यांनी 'जन गण मन' म्हणून दाखवलं आणि मार्गारेटबाईंनी त्याची चाल पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवून घेतली. जानेवारी १९२७मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं त्यामागेही याच बाईंचा पुढाकार होता. बंटिंगनं जे काम बेलफास्टला केलं त्याच जातीचं काम तिनं मदनपल्लीला केलं. फरक हा की इथे रचनाकार समोर बसलेला होता आणि त्याचं नाव पुसलं गेलं नाही.

आता ज्या माणसासाठी मी हे व्याख्यान मांडलं त्याच्याकडे येतो. जो हीनी. आयरिशमध्ये शोसव्ह ओ हेनी. जन्म १९१९चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारात, कार्नाजवळच्या एका वाडीतला. त्या भागात अजूनही आयरिश बोलली जाते आणि साथीशिवाय गायची जुनी रीत टिकून आहे. तिला शॅन-नोस म्हणतात. गाणारा बसल्या जागी डोळे मिटून सुरू करतो. वाद्य नाही, ताल धरणारं कुणी नाही, चेहऱ्यावर अभिनय नाही. कधी शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेऊन जात्याच्या खुंट्यासारखा संथ फिरवत राहतो. शब्दाच्या एखाद्या अक्षरावर गायक थबकतो, त्याला दोन-चार सूक्ष्म सुरांची वेटोळी घालतो आणि पुढे जातो. पुढच्या कडव्यात तीच जागा येते तेव्हा वेटोळी निराळी. शेवटचे शब्द तो गात नाही, साध्या आवाजात बोलून टाकतो, की गाणं संपलं. चाल कुणी बांधली हे बहुधा कुणाला ठाऊक नसतं. हे गाणं कुणाकडून घेतलं, हे मात्र प्रत्येकाला सांगता येतं.

हीनीकडे अशी पाचशेहून अधिक गाणी होती. 'क्वीनू ना द्री म्विरे' हा तीन मेरींचा विलाप तो गातो तेव्हा प्रत्येक ओळीनंतर आक्रोशाचं तेच पालुपद येतं. दर खेपेला त्यातलं वजन थोडं सरकतं. येशूची आई आधी ओळखत नाही, मग ओळखते, मग तिच्या आवाजातली आशा संपते. शब्द तेच आहेत. हे सगळं गायकानं त्या क्षणी घडवलेलं आहे. दोन ओळींच्या बंदिशीतून तासभराचा ख्याल उभा राहताना पाहिलेल्या श्रोत्यांना यात रचना कुठे आहे हे समजावून सांगायची गरज नाही. युरोपच्या संगीतविचाराला मात्र ही रचना दिसली नाही, कारण ती कागदावर नव्हती.

१९४२ साली हीनीनं आयरिश भाषेच्या राष्ट्रीय उत्सवात गायनाचं पहिलं बक्षीस मिळवलं. त्यावर पोट भरणं शक्य नव्हतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये त्यानं बांधकामावर मजुरी केली. साठच्या दशकात अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कलगतच्या एका इमारतीत दरवान म्हणून राहिला. बटणांचा गणवेश घालून श्रीमंतांसाठी दार उघडायचं. आयर्लंडचा त्या पिढीतला सर्वांत मोठा गायक वर्षानुवर्षं हे काम करत होता आणि त्या दारातून ये-जा करणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक होतं कुणास ठाऊक. जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं १९७९ साली 'रोअराटोरिओ'साठी त्याचा आवाज घेतला. शेवटी सिॲटलच्या विद्यापीठानं त्याला शिकवायला बोलावलं. १९८२ साली अमेरिकेच्या सरकारनं लोककलावंतांसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान त्याला दिला. १९८४ साली सिॲटललाच तो गेला आणि कार्नाच्या मातीत परत आला. त्याला नोकरीचं स्थैर्य देणारं विद्यापीठ अमेरिकेतलं, सन्मान करणारं सरकारही अमेरिकेचं. मला हे वाचताना आजही राग येतो.

हीनी न्यूयॉर्कात दार उघडत होता त्या सुमारास टिपरेरीचे क्लॅन्सी बंधू आणि त्यांचा मित्र टॉमी मेकम त्याच शहरात गाजत होते. नट व्हायला आलेली ही मंडळी. मार्च १९६१मध्ये एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पांढरे लोकरी स्वेटर घालून त्यांनी गाणी म्हटली आणि एका रात्रीत अमेरिका जिंकली. मग आयर्लंडनं आपलीच गाणी त्यांच्या तबकड्यांवरून परत घेतली. जल्लोषाचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं त्यांनी जिवंत केलं हे खरंच. हीनीच्या एकट्या गाण्याला त्या जल्लोषात जागा नव्हती.

गाणारा आणि रचणारा यांना जाणीवपूर्वक एकत्र आणायचा प्रयत्न शॉन ओ रिआडा यानं केला. कॉर्कला १९३१ साली जन्मलेला, युरोपियन रचनाशास्त्र शिकलेला, ॲबी नाटकगृहाचा संगीतदिग्दर्शक. १९५९ साली स्वातंत्र्यलढ्यावरच्या 'मिशे एरे' या माहितीपटाला त्यानं वाद्यवृंदाचं संगीत दिलं आणि त्यात 'रोशीन दुव्ह' ही जुनी चाल हॉर्नवर घेतली. चित्रपटगृहात ती ऐकून लोकांना भरून आलं. आपल्या आजीच्या तोंडची चाल एवढी भव्य होऊ शकते याची त्यांना कल्पना नव्हती. पण ओ रिआडाचं समाधान झालं नाही. वाद्यवृंदानं त्या चालीची वेटोळी इस्त्री करून सपाट केली हे त्याच्या कानाला कळत असणार, असं मी समजतो. १९६२ सालच्या नभोवाणी व्याख्यानांत त्यानं ठासून सांगितलं की आयरिश परंपरेला युरोपियन संगीताच्या मापानं मोजू नका, तिचं चलन वर्तुळाकार आहे. त्याआधीच त्यानं पारंपरिक वादकांचा ताफा काढला होता, स्वतः हार्पसिकॉर्ड धरलं होतं, आणि अखेरीस कॉर्कमधल्या कूल ए या आयरिशभाषक खेड्यात बिऱ्हाड हलवलं. तिथल्या शेतकऱ्यांचा गायकवृंद उभा करून त्यांच्यासाठी आयरिश भाषेत ख्रिस्ती उपासनेची मिस्सा रचली. तिच्यातलं एक गीत आज देशभर अंत्यविधीला म्हणतात आणि अनेकांना ती चाल जुनीच वाटते. रचनाकार जिवंत परंपरेत इतका विरघळून जावा, याहून मोठं यश मला सुचत नाही. १९७१ साली चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या ताफ्यातल्या पॅडी मोलोनीचे 'चीफ्टन्स' पुढे जगभर फिरले.

अलीकडच्या दोन गायिकांचं नाव घेतो. डोनेगलची एन्या स्वतः चाली रचते, स्टुडिओत आपल्याच आवाजाचे थरावर थर चढवते, आणि मैफलींचे दौरे करत नाही. श्रोत्यासमोर न येता जगणारी ही गायिका मॅकॉरमॅकच्या शिंगापासून सुरू झालेल्या प्रवासाचं टोक आहे. दुसरी शिनेड ओ'कॉनर. १९९० साली जगभर गाजलेलं तिचं गाणं प्रिन्स या अमेरिकन गायकानं रचलं होतं, पण ते तिचं म्हणूनच ओळखलं जातं, आणि बरोबरच आहे. स्वतः उत्तम गीतं रचणाऱ्या या बाईनं २००२ साली जुन्या लोकगीतांचा एक अख्खा संग्रह गायला. २०२३च्या जुलैमध्ये ती गेली.

आणि आता सरकार, म्हणजे आजचा पोशिंदा. १९६९ साली आयर्लंडनं एक कायदा केला, त्याचं जगभर कौतुक झालं. लेखक, चित्रकार, शिल्पकार आणि संगीतरचनाकार यांच्या सर्जनशील कृतींच्या मिळकतीवरचा आयकर माफ. त्यात गायक नव्हता, वादकही नव्हता. ज्यानं गाणं कागदावर उतरवलं त्याला माफी. ज्यानं आयुष्यभर पाचशे गाणी कंठात वागवली त्याच्या मानधनावर कर. पुढे या माफीला वर्षाला अडीच लाख युरोंची मर्यादा घालायचं ठरलं तेव्हा 'यू टू' या रॉक बँडसारख्या बलाढ्य मंडळींनी आपल्या रचनांच्या हक्कांचा कारभार नेदरलँड्सला हलवला. कायद्याचा फायदा कुणापर्यंत पोहोचला होता आणि कुणापर्यंत नाही, हे त्यातून कळतं. १९८१ साली स्थापन झालेल्या 'ईसदाना' या कलावंतांच्या मंडळातही संगीताचा मान रचनाकारांसाठीच ठेवला गेला.

२०२२ साली सरकारनं कलावंतांना मूलभूत उत्पन्न देणारी एक प्रायोगिक योजना काढली. नऊ हजारांवर अर्ज आले, सोडत काढून दोन हजार नावं निवडली, आणि त्यांना तीन वर्षं दर आठवड्याला ३२५ युरो मिळू लागले. यात पहिल्यांदाच गाणाऱ्याला आणि रचणाऱ्याला मिळणारी रक्कम एक होती. माझी मागणी याच्या एक पाऊल पुढची आहे. साथीशिवाय जुनं गाणं गाणाऱ्याला आयर्लंडच्या कायद्यानं रचनाकार म्हणावं, आणि १९६९च्या कायद्यातली माफी त्यालाही लागू करावी. हीनीला ती मिळाली असती तरी दरवानाच्या पगारात तिचा उपयोग नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण कार्नात दरवर्षी त्याच्या नावानं उत्सव भरतो, तिथे आजही मुलं डोळे मिटून गायला बसतात, आणि त्यांतल्या कुणालाही आपण जे करतो ती रचना नाही असं सरकारी कागदावर वाचावं लागू नये.